आधी टेबल, मग कॅमेरा

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी तासगाव तालुक्यातली. सांगलीत वसतिगृहावर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरी द्राक्षबाग आणि छोटी बेदाणा शेड. तिला फिल्ममेकिंग आणि एडिटिंग शिकायचंय. पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स तिनं हेरलाय. फी १,८०,००० रुपये. शनिवारपर्यंत प्रवेश घेतला तर २०,००० ची सवलत. वडील म्हणतात, माल गेला की भरू, तोवर हप्ते करू. आई म्हणते, आधी डिग्री. इकडं सांगलीतच विश्रामबागला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओवाल्यानं तिला एडिटिंगला बसायला बोलावलंय, पहिले तीन महिने बिनपगारी. मैत्रिणी त्याला हसतात, तिलाही ते कमीपणाचं वाटतं. ती लिहिते, "माझ्याकडं कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही. सांगलीत या क्षेत्रातलं काहीच नाही. फोनमध्ये शूट केलेलं बरंच पडलंय, पण एकही फिल्म पूर्ण झालेली नाही. विषयही सुचत नाही, आमच्या गावात घडतंच काय? मी पुण्याला जाऊ का? आणि लॅपटॉप कोणता घेऊ?"

तुझ्या पत्रात कॅमेरा नसल्याचं दुःख चार ओळींत आहे, फीचा हिशोब अर्धं पान आणि मैत्रिणी हसल्याचा राग त्याहून जास्त. मी मात्र थांबले ते तू जाता जाता लिहून टाकलेल्या एका वाक्यापाशी. फोनमध्ये बरंच शूट केलेलं आहे आणि एकही फिल्म पूर्ण नाही. सगळी मेख तिथं आहे. शूट तू करतेसच, अडतंय ते संपवण्यात. हे दुखणं महागड्या कॅमेऱ्यानं बरं व्हायचं नाही. वाढेल मात्र नक्की, कारण पडून राहिलेल्या क्लिप्स तेवढ्या जड होतील. फुल एचडीत मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी खाणारं चित्रीकरण त्याहून बारीक तपशील टिपणाऱ्या फोर-केमध्ये तिप्पट-चौपट जागा मागतं.

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. या शनिवारी पैसे भरू नकोस. विश्रामबागच्या स्टुडिओत जा, पण अटी ठरवून. डिग्री पुरी कर. पुण्याचा विचार वर्षभरानं पुन्हा कर, तेव्हा कदाचित माझंही उत्तर वेगळं असेल.

आता लग्नाच्या शूटिंगचं. ते कमीपणाचं का वाटतं? सिनेमाच्या सेटवर चुकलं तर पुन्हा एकदा घेता येतं. मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली आणि अंतरपाट बाजूला झाला, की तो क्षण गेला. त्यात सगळं वऱ्हाड अक्षता टाकायला एकदम उठून पुढं सरकतं. नवखा शूटर तेव्हा पाठमोऱ्या फेट्यांचं आणि हात उंचावलेल्या काकूंचं शूटिंग करत बसतो. मुरलेला माणूस शेवटचं कडवं सुरू होतानाच स्टुलावर चढलेला असतो, आणि त्यानं फोकस अंतरपाटावर धरलेला नसतो, अंतरपाटामागं चेहरा जिथं येणार तिथं धरलेला असतो. हे कुठल्याही वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही.

आणि तुला तर तिथं एडिटिंगच्या टेबलावर बसायचंय, ते अजून चांगलं. दोन-तीन कॅमेऱ्यांचं आठ-दहा तासांचं चित्रीकरण तुझ्यासमोर येईल. एका कॅमेऱ्यातली वेळ चुकीची, दुसऱ्यात आवाजच नाही, तिसऱ्यात भटजींचा माइक मंडपवाल्याच्या अँप्लिफायरमधून फाटलेला. यातनं पंधरा-वीस मिनिटं काढायची. म्हणजे बाकीचं टाकायचं. स्वतःचं शूटिंग टाकताना जीव तुटतो, परक्याचं टाकताना तुटत नाही, म्हणून टाकायला शिकायचं ते परक्याच्या मालावर. महिनाभर असं बसलीस की फोन हातात घेताना तुझं तुलाच कळेल, शॉटच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन सेकंद का सोडावे लागतात, आणि कॅमेरा उगाच डावी-उजवीकडं फिरवत राहिलेल्या माणसाला एडिटर मनातल्या मनात काय म्हणतो.

वाईट खोडीही तिथंच लागतात, हेही ऐकून ठेव. नवरीनं मान वळवली की स्लो मोशन. दर दोन शॉटमध्ये पानं उलटणारी किंवा काच फुटणारी ट्रांझिशन. गाणं आधी लावायचं आणि त्याच्या ठेक्यावर तुकडे चिकटवायचे. गिऱ्हाइकाला ते हवं असतं, तेव्हा दुकानात ते कर, त्यात लाज नाही. पण स्वतःच्या फिल्मला हात लावताना हे सगळं दाराबाहेर ठेवायचं.

अटींचं सांगते. बिनपगारी हा शब्द मला आवडत नाही, तरी शिकाऊ माणसानं सुरुवातीला थोडे दिवस असं बसणं समजू शकते. फक्त ते दिवस किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे आणि मोबाइलवर मेसेजनं का होईना, लिहून घे. जाण्यायेण्याचा खर्च माग, तेवढं कुणीही देतं. कॉलेज सांभाळून आठवड्यातले तीन दिवस, दुपारचे तीन-चार तास, इतकंच ठरव. तीन महिन्यांनी पैसे सुरू झाले नाहीत तर नमस्कार करून निघ. काम काय देणार तेही विचार. कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉपी करणं, फोल्डर लावणं, आवाज जुळवणं यानं सुरुवात झाली तर नाराज होऊ नकोस. कार्ड फॉरमॅट करण्याआधी, म्हणजे पुसून रिकामं करण्याआधी, दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झालीय का, हे बघायची सवय ज्याला लागली तो या धंद्यात टिकतो. मात्र तीन महिने नुसता चहा आणणं आणि अल्बमची पानं लावणं चाललं, तर ती जागा शिकायची नाही.

आईला एकदा तो स्टुडिओ दाखवून आण. मालकाशी तिचं बोलणं होऊ दे, तिथं आणखी कोण कोण बसतं ते तिला बघू दे. एडिटिंग दिवसाउजेडी होतं. रात्रीच्या वरातीचं शूटिंग करायचं की नाही, हा प्रश्न आत्ता कुणी विचारलेलाच नाही, तर घरात त्यावरून भांडण कशाला? आणि दुसऱ्याच्या घरचं लग्न आपल्या फोनवर घ्यायचं नाही, स्टेटसला टाकायचं नाही. कितीही सुंदर शॉट असला तरी.

पुण्याचा कोर्स वाईटच असेल असं मला म्हणायचं नाही. पुण्यात खरोखर मिळतात अशा गोष्टी आहेत. बरोबरीची चार वेडी माणसं, एकत्र सिनेमे बघणं, तुझं काम सगळ्यांदेखत फाडणारा कुणीतरी, आणि पुढं कामाची ओळखपाळख. पण सहा महिन्यांत यातलं किती मिळेल, ते जाहिरातीवरून कळत नाही. म्हणून तिथं जाऊन सांग, मागच्या तुकडीतल्या सगळ्या मुलांच्या फिल्म्स मला दाखवा. निवडक दोन नकोत. पोस्टरवर ज्यांचा फोटो आहे ते सर आठवड्यातले किती तास येतात? एका कॉम्प्युटरवर किती मुलं? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि ते पावतीवर लिहिलेलं आहे का? 'शंभर टक्के नोकरी' असं कुणी म्हणालं तर कुठल्या कंपनीत, किती पगारावर, हे विचार आणि चेहरा बघ. हप्त्यांचं तर नीट बघ. अनेक ठिकाणी हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, वडिलांच्या नावावर, आणि तू कोर्स सोडलास तरी ते चालूच राहतं. बागायतदाराच्या घरातली मुलगी आहेस, माल हातात येण्याआधी अंगावर घेतलेलं कर्ज काय असतं हे मी तुला सांगायला नको. शनिवारची सवलत पुढच्या शनिवारीही असते.

आता डिग्री का पुरी करायची ते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेली, तिथला संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि तो पदवीनंतरचा आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते, आणि मग प्रवेश परीक्षा. सरकारी संस्था असल्यानं तिथं जागा थोड्या आणि मारामारी फार. तुला तिथं जायचं असेल-नसेल, पण दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलंस तर ते दार आपणच लावून घेतल्यासारखं होईल. शिवाय इन्स्टिट्यूट बाहेरच्यांसाठी छोटे छोटे कोर्सही घेते. काही आठवड्यांचे, काही थोड्या दिवसांचे. सुट्टीत तसा एखादा जमला तर फीच्या मानानं तो बरा पडेल.

"सांगलीत काहीच नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं, म्हणून आपण या गावाला नाट्यपंढरी म्हणतो आणि मग तेवढ्यावर समाधानी राहतो, हे मला मान्य आहे. इतिहासाच्या पाटीवर फिल्म होत नाही. पण त्यातलं तुझ्या उपयोगाचं काय? तर इथं प्रत्येक कॉलेजात एकांकिका करणारी पोरं आहेत. युवा महोत्सव संपला की वर्षभर त्यांना करायला काही नसतं. तुला नट फुकट मिळतील, प्रकाशयोजना समजणारा एखादा मिळेल, लिहिणारी एखादी मिळेल. फक्त रंगमंचाची सवय असलेला नट कॅमेऱ्यासमोर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतो. त्याला कॅमेऱ्याजवळ बसवून रेकॉर्डिंग दाखव, सूचना करून उपयोग नाही. तिघीचौघींचा गट कर. दर फिल्मला कामं बदला. आज जी दिग्दर्शन करते तिनं पुढच्या वेळी माइक धरायचा.

विषय सुचत नाही, याचं काय करायचं? सध्या शोधूच नकोस. 'विषय' म्हटलं की तुझ्या वयाची मुलं आत्महत्या, व्यसन, हरवलेलं पत्र आणि शेवटी नदीकाठी एकटा बसलेला नायक यांच्याकडं वळतात. आयर्विन पुलावरून दिसणारी सूर्यास्ताची कृष्णा आजवर किती शॉर्ट फिल्म्सच्या शेवटी वाहिली असेल! कथा नंतर. आधी एक काम निवड, ज्याला सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवट आहे, आणि जे हातानं होतं. ते एका मिनिटात दाखव. संवाद नाही, गाणं नाही, निवेदन नाही.

मिरज तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथल्या तंतुवाद्यांच्या दुकानांपैकी एखाद्या ठिकाणी परवानगी काढून जा आणि तानपुऱ्याची जव्हारी लावताना बघ. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीनं घासत घासत हलका उतार द्यायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर इकडं की आवाज बोथट, केसभर तिकडं की आवाज उघडतो आणि खोली भरून जाते. कारागीर त्या वेळी हाताकडं बघत नाही, कान देऊन कुठंतरी शून्यात बघत असतो. आता मला सांग, या एका मिनिटात काय नाही? माणूस आहे, अडचण आहे, वाट बघणं आहे, आणि सुटका आहे. शॉट किती लागतील? दुकान एकदा लांबून. कारागीर कमरेपासून वर. बोटं आणि धागा. चेहरा. तार छेडणारं बोट. परत चेहरा. इतकंच. पण यात आवाज नीट आला नाही तर फिल्मच नाही, कारण बदल जो होतो तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

म्हणूनच पहिला खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्यावर नको, माइकवर कर. काही शे रुपयांत वायरचा कॉलर माइक मिळतो. तोही नसेल तर मैत्रिणीचा फोन मागून घे, रेकॉर्डर चालू करून आवाजाच्या अगदी जवळ ठेव आणि तुझ्या फोननं दुरून शूट कर. दोन्ही चालू झाले की एक टाळी वाजव. एडिटिंगला बसल्यावर ती टाळी आवाजाच्या आलेखात उभी रेघ होऊन दिसते, दोन रेघा जुळवल्या की आवाज जुळला. निघण्याआधी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घे. पंखा, रस्ता, लांबचा भोंगा. दोन शॉटच्या मध्ये आवाजाचा खड्डा पडतो तेव्हा तो बुजवायला हेच कामाला येतं. प्रेक्षक अंधुक चित्र सोसतो, न कळणारा आवाज सोसत नाही.

फोनचं थोडक्यात. भिंग ओढणीच्या टोकानं पुस. फोन आडवा धर आणि काहीतरी टेकू दे. झूम करू नकोस, चालत पुढं जा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागेवर पक्के होतात, नाहीतर कुणी पांढरा सदरा घालून मध्ये आला की सगळा शॉट काळा पडतो. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले असतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि फोन सेकंदाला ज्या ३० फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो त्यांच्याशी त्याचं जमत नाही. कॅमेरा ॲपमध्ये २५ फ्रेम आणि शटर (एका चित्राला उजेड मिळण्याची वेळ) १/५० सेकंद मिळत असेल तर ते घे, पट्टे जातील. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर दोघांमध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढ आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूला उभी राहून घे. बाजू ओलांडलीस की जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.

दुसरा सराव मजेचा आहे. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा तीन वेगळ्या गोष्टींना जोडून दाखवला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. लोकांना वाटलं, नटानं भूक, दुःख आणि ओढ काय सुंदर दाखवलीय. चेहरा एकच होता. क्रांतीनंतर तिथं कच्च्या फिल्मचीच टंचाई होती, त्यामुळं त्याच्या विद्यार्थ्यांना शूटिंगपेक्षा आहे ते कापून-जोडून शिकावं लागलं. तू हे सांगलीच्या एसटी स्टँडवर करू शकतेस. मैत्रिणीचा काहीही न करणारा चेहरा दहा सेकंद. मग भडंगाचा कागद, सुटलेली गाडी, निकालाचा कागद. जोडून वसतिगृहात दाखव आणि मैत्रिणीच्या अभिनयाबद्दल काय बोलतात ते ऐक. एडिटिंग म्हणजे काय, हे तुला त्या संध्याकाळी कळेल.

आणि "आमच्या गावात घडतंच काय" म्हणणाऱ्या मुलीच्या घरी बेदाणा शेड आहे! कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेली द्राक्षं जाळ्यांवर पसरली, की वरचा मेणासारखा थर सैल होऊन आतलं पाणी भराभर उडायला लागतं आणि पंधरवड्यात टपोऱ्या मण्याचा बेदाणा होतो. हे तू लहानपणापासून बघतेयस म्हणून तुला ते दिसत नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी भांडवलदाराला पटवायला फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित करून दाखवलं होतं. तेच तू इथं कर. एका घडासमोर फोन ठेवायची जागा चिकटपट्टीनं पक्की कर आणि ठरल्या वेळी फोटो काढत राहा. आधी हिशोब मांड. सेकंदाला २५ चित्रं लागतात, दहा सेकंदांना २५०. पंधरवडाभर काढायचे तर रोज सतराअठरा, म्हणजे दिवसाउजेडी चाळीसेक मिनिटांना एक. तू वसतिगृहावर, म्हणजे हे घरच्या कुणाला तरी शिकवावं लागणार. ज्याला शिकवशील तो तुझ्या युनिटचा पहिला माणूस. शेडवर काम करणाऱ्या बायकांना शूट करायचं असेल तर आधी विचार, आणि झाल्यावर त्यांना दाखव. मालकाच्या मुलीला नाही म्हणणं त्यांना जड जातं, हे लक्षात ठेवून विचार.

एडिटिंग कशावर करायचं? कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीत साधा कॉम्प्युटर मिळाला तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वापर, दोन्ही फुकट आणि हलकी. मशीन अडखळलं तर प्रॉक्सी चालू कर. म्हणजे काम करताना छोटी, हलकी प्रत वापरायची आणि शेवटी मूळ प्रतीवरून फिल्म काढायची. आवाजाच्या कामासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. फोनच्या फाइलमध्ये एक खोड असते, फ्रेमचा वेग एकसारखा नसतो, त्यामुळं लांबलचक क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधनं एकसमान वेगाची प्रत काढून घेतलीस की ते थांबतं. हे माहीत नसल्यानं डोकं धरून बसलेली पोरं मी पुष्कळ बघितली आहेत.

बसल्यावर क्रम असा ठेव. सगळं एकदा न थांबता बघ. आवडलेले शॉट वेगळे कर. ओळीनं नुसते जोडून टाक, वाईट दिसलं तरी चालेल. दोन दिवस बघू नकोस. मग प्रत्येक शॉटला विचार, हा काढला तर काय बिघडतं? काही बिघडत नसेल तर काढ. मग आवाज. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी अर्धा सेकंद येऊ दे, किंवा मागच्याचा थोडा रेंगाळू दे, लगेच सांधा मऊ होतो. गाणं लावायचा मोह फार होईल. हिंदी-मराठी सिनेमातलं गाणं लावलंस तर हक्कांचा प्रश्न येतो, महोत्सवात पाठवता येत नाही. आणि मला विचारशील तर त्याहून मोठी अडचण अशी की गाणं तुझ्या वाटचं काम करून टाकतं आणि तुझ्या फिल्ममध्ये काय कमी आहे ते तुला कळतच नाही. संगीत हवंच असेल तर मिरजेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडून दोन मिनिटं वाजवून घे, नाव दे, लेखी परवानगी घे.

फिल्म झाली की तुझ्यावर प्रेम नसलेल्या कुणाला तरी दाखव. मेसच्या मावशी, वरच्या मजल्यावरची सीनियर, कुणीही. "कशी वाटली" विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात. त्यांच्या मागं उभी राहा आणि कितव्या सेकंदाला त्यांचा हात मोबाइलकडं जातो ते लिहून घे. दोन-तीन जणांचा हात एकाच जागी गेला तर दुरुस्ती तिथं करायची.

वडिलांना सांगताना "मला पुण्याला जायचं नाही" असं म्हणू नकोस, त्यांना वाटेल पोरीनं नाद सोडला. म्हणावं, माल गेला की फीचे पैसे वर्षभर बँकेत राहू देत, तोवर मी पाच छोट्या फिल्म्स पुऱ्या करून दाखवते. एक-एक मिनिटाच्या का होईना, पण पुऱ्या. त्यातल्या तीन झाल्या तरी तुला स्वतःबद्दल पुष्कळ कळलेलं असेल. कदाचित तुला एडिटिंगपेक्षा आवाजाचंच वेड लागेल, आणि मग तो सरसकट सहा महिन्यांचा कोर्स तुझ्या कामाचाच नसेल. कदाचित कॅमेऱ्याला हात लावायचा कंटाळा येईल आणि लिहावंसं वाटेल. पाचही झाल्या आणि तरीही पुण्याची ओढ राहिली तर जा. तेव्हा संस्थेच्या दारात तू काम घेऊन उभी असशील आणि प्रश्न तू विचारशील. एकही झाली नाही, तर त्या १,८०,००० रुपयांचं काय झालं असतं, याचा अंदाज दोघांनाही येईल.

राहिला लॅपटॉप. आत्ता घेऊ नकोस. स्टुडिओत बसशील तिथलं मशीन बघ, त्यावर काय अडतं आणि काय पळतं ते लिहीत जा. घ्यायची वेळ येईल तेव्हा १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी, याखाली उतरू नकोस, म्हणजे डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या जड सॉफ्टवेअरची फुकट आवृत्तीही त्यावर बरी चालेल. त्याच पैशात जोडून घेतलेला डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, पण वसतिगृहात चालेल का, हे रेक्टरना विचार. बाहेरची हार्ड डिस्क एक नको, दोन घे. आणि दुकानात वडिलांना बरोबर नेशील तेव्हा आधीच सांगून ठेव, बॅग आणि माउस फुकट मिळतोय म्हणून मॉडेल ठरवायचं नाही.